हळदीनं पकडलेली गळती

छत गळायला लागलं की तुम्ही काय करता? खरं सांगा. बादली ठेवता ना? मग पाणी जिथं दिसतं तिथं बोट लावता, चार शिव्या हासडता, मूठभर लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, आणून तिथंच थापता, आणि पुढच्या पावसात पुन्हा तीच बादली, त्याच शिव्या. वर चढून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. ओटेरीची भवानीसुद्धा ह्याच पंथातली होती. तिला वर बघायला शिकवलं ते हळदीनं, आणि तेही भर आयुधपूजेच्या दिवशी, सगळी गल्ली देवी प्रकटली म्हणून हात जोडून उभी असताना.

भवानी शिंपीण. मद्रासच्या उत्तर अंगाला, पेरांबूरच्या रेल्वे कारखान्याच्या अलीकडे ओटेरीचा नाला आहे. त्या नाल्याकाठच्या गल्लीत तिचं शिवणयंत्र खडखडायचं. तिचे पूर्वज म्हणे तंजावरच्या राजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला आले. राज्य गेलं, तंबू गेले, सुई राहिली. मराठीही राहिली, पण तिला दोन-तीनशे वर्षं तमिळ सांबारात मुरवलेली. पुण्याकडचा माणूस ऐकायचा तेव्हा त्याला अर्धं कळायचं आणि अर्ध्याचं हसू यायचं. हसलेलं भवानीला खपत नसे. "आमची मराठी राजाची आहे, तुमची कचेरीची," असं ती तोंडावर सुनावायची. नवरा तिला भीत असे, रेशनवाला भीत असे, आणि तिचं शिवणयंत्र तर तिनं नुसतं डोळे वटारले तरी सुरळीत चालायचं.

तर ह्या भवानीची एक गाडी होती. तिच्या मालकीची नव्हे, तिच्या हट्टाची. गाडी म्हणजे मोटार नव्हे. मोटारीच्या मागं बांधून ओढायची चाकांवरची खोली. लाकडी सांगाडा, वरून पत्रा, दोन्ही अंगांना खिडक्या. लढाईच्या काळात तांबरमकडे कुणी गोरा साहेब तीत राहायचा म्हणतात. साहेब गेला आणि गाडी गवतात पडून राहिली. एका महिला मंडळानं ती आणून बाळांचा फिरता दवाखाना केला. वजनाचा काटा, औषधांचं कपाट, दुधाच्या पावडरीचे डबे. आठवड्यातून एकदा ती ओटेरीला यायची.

ती ओटेरीला यायची, कारण भवानीनं ती ओढून आणली होती. मंडळाच्या बायका आधी म्हणाल्या, तुमची गल्ली अरुंद आहे. भवानी म्हणाली, तुमचं मन अरुंद आहे. मग गल्लीतल्या झाडून साऱ्या लेकुरवाळ्यांना घेऊन ती मंडळाच्या पायरीवर जाऊन बसली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पोरं भुकेजली आणि त्यांनी एकसाथ असा टाहो फोडला, की आतली सभा चहा टाकून बाहेर आली. गाडी मंजूर! त्याआधी पोराला ताप आला की बाई एवढं ऊन तुडवत एग्मोरच्या इस्पितळात जायची, दिवसभराच्या मजुरीवर पाणी सोडायची. आता गाडी दारात यायची. भवानीनं तिला पडदे शिवले, निळे, पांढऱ्या गोटाचे, आणि गल्लीत जाहीर केलं, "ही गाडी येथे यायची थांबली तर मी भवानी नाव लावणार नाही."

आता असं बोलल्यावर नशीब गप्प बसतं होय?

गाडी गळायला लागली.

मद्रासचा पाऊस मुळात उफराटा. बाकीचा देश दसऱ्याला छत्र्या गुंडाळतो, तेव्हा हा त्या उघडायला लावतो. पण त्याच्याही आधी संध्याकाळच्या वळवाच्या सरी येऊन जातात. अशा एका सरीत डाव्या अंगाच्या खिडकीतून पाणी आलं आणि दुधाच्या पावडरीचा अख्खा डबा घट्ट गोळा झाला. पुढच्या सरीत कापूस भिजला. कंपौंडर व्यासराज, धारवाडकडचा सडसडीत माणूस, त्यानं खिडकीच्या खालच्या फटीवर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली. एकावर एक, एकावर एक. खिडकी मारामारीत डोकं फोडून घेतलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली, पण गळायची थांबली नाही.

मंडळाच्या चिटणीस चारुलताबाई पुण्याच्या. यजमान रेल्वेत, म्हणून मद्रासला आलेल्या. बाई सरळ होत्या, पण सभेचा निर्णय म्हणजे त्यांच्या लेखी वेदवाक्य. त्यांनी येऊन सांगितलं, "भवानीबाई, दसऱ्यानंतर सभा आहे. तोवर गाडी कोरडी झाली नाही तर ती विकायची. मानाजीरावांनी मागणी घातलीये."

मानाजीराव म्हणजे पेरांबूरच्या नाक्यावरच्या कॉफी क्लबाचा मालक. तोही तंजावरचाच, पोट पुढे, अंगठ्या त्याच्याही पुढे. त्याला ह्या गाडीत चाकांवरचा कॉफी क्लब दिसत होता. तो अधूनमधून यायचा, गाडीत शिरून छत्री उघडायचा आणि वर बघत उभा राहायचा.

"काय मानाजी, घरात जागा नाही काय उभं राहायला?" भवानी विचारायची.

"नाही हो तंगच्ची, जरा शॉवर घेतो," तो म्हणायचा. तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. भवानीला दात-ओठ खायला एवढं संबोधन पुरे होतं. "तुमची गाडी काय झकास गळते! माझी कॉफीसुद्धा एवढी बारीक गळत नाही!"

पहिली लढाई झाली ती मात्र मानाजीशी नव्हे, एका शब्दाशी. भवानीनं खिडकी निरखून पाहिली. काचेभोवतीची लांबी सुकून खडखडत होती, काच हलत होती. तिनं चारुलताबाईंना निरोपाऐवजी समोरासमोरच सांगितलं, "बाई, कण्णाडी सैल झाली आहे. सारा दोष कण्णाडीचा. ती काढोन टाका, म्हणजे गळती थांबेल."

तमिळमध्ये कण्णाडी म्हणजे काच. भवानीच्या घरात तिच्या पणजीच्या काळापासून काचेला दुसरा शब्द नव्हता. पण चारुलताबाईंच्या पुणेरी कानात शिरलं ते 'कानडी'. आणि नेमका त्याच वेळी कानडी व्यासराज दारात उभा, हातात औषधाची बाटली!

चारुलताबाईंचा चेहरा उतरला. "अहो भवानीबाई, असं काय बोलता? त्यांचा काय दोष? इतकी वर्षं इमानानं काम करतायत."

"इतकी वर्षं, म्हणोनच तर! जुनी झाली, तडकली. बोट लावलं की हलते. मी तर म्हणते, उद्याच उपटोन फेका आणि नवी आणा. मूर मार्केटात ढिगानं मिळतात."

व्यासराजानं बाटली खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. राज्यं भाषेवरून नुकतीच वेगळी झालेली, जो तो आपल्या भाषेच्या अब्रूला जपणारा. "अम्मा," तो म्हणाला, "मी हलतो? मी? मी खिडकीला पट्ट्या लावल्या. रविवारी येऊन लावल्या. आणि तुम्ही मला उपटून फेकणार? मूर मार्केटात कानडी ढिगानं मिळतात?"

"तुम्हांस कोण बोललं हो? मी कण्णाडीस बोलते!"

"मग मी कोण आहे?"

भवानी त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे बघितलं. मग तिनं काचेवर बोट टकटकवलं, "ही! ही कण्णाडी!" आणि तिघांनाही एकदमच उमगलं. व्यासराज पायरीवर मटकन बसला आणि इतका हसला की पोरं रडायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली. त्या दिवसापासून गल्लीत त्याला 'कण्णाडी सार', म्हणजे काचसाहेब, हेच नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडायला लागलं.

नवी काच आली, बसली, चकचकीत दिसली. पाऊस आला. गळती होती तिथंच!

मग भवानीनं दुसरा उपाय काढला, तिच्या मते रामबाण. मद्रासच्या जुन्या घरांच्या गच्च्या कशा टिकतात? चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून घोटतात, तो गिलावा दगड होतो. तिनं चुन्याचा डेरा घोटला, गूळ सढळ हातानं घातला, चव बघितली (तिला कशाचीही चव बघायची खोड होती), आणि खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या. तिचा धाकटा भाऊ राणोजी मंडळाची जीप चालवायचा, म्हणजे गाडी ओढायचा. तो म्हणाला, "अक्का, गच्ची एका जागी बसते. ही गाडी ओटेरीच्या खड्ड्यांतून नाचत जाते. चुना टिकेल काय?"

"तू जीप चालव. डोकं मी चालवते."

पहिल्याच खड्ड्यात गिलाव्याला तडे गेले. ते एक वेळ चाललं असतं. पण गुळाची वार्ता गेली, आणि मद्रासच्या यच्चयावत मुंग्यांनी गाडीवर मोर्चा काढला. खिडकीतून रांग, कपाटात रांग, वजनाच्या काट्यावर रांग. व्यासराज म्हणाला, "अम्मा, आज प्रत्येक बाळाचं वजन मुंग्यांसकट लिहू का?"

कुणी काही म्हणालं तरी भवानी चूक कबूल करणाऱ्यांतली नव्हे. "मुंग्या येतात तेथे लक्ष्मी येते," ती म्हणाली. पण दसऱ्याच्या सुट्टीपुरती गाडी गल्लीतच उभी होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं गपचूप गिलावा खरवडून काढला, आणि हळद पाण्यात कालवून खिडक्यांच्या आतल्या बाजूला जाड लेप दिला. मुंग्यांना हळद सोसत नाही. त्या वरून उतरतात म्हणून चौकटीच्या वरही, पार छताच्या कडेपर्यंत सारवलं. आतून गाडी नवरीसारखी पिवळीधमक झाली. डेऱ्यात बिनगुळाचा चुना उरला होता, तो टाकवेना. राणोजीनं तो पाण्यात कालवून गाडीच्या टपावर मारला. आत ऊन कमी लागेल म्हणून.

चुना वर, हळद आत. दोघंही कामं आटोपून घरी गेली. आपण काय करून ठेवलंय ह्याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मद्रासला त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा होते. रिक्षेच्या चाकाखाली लिंबू, दुकानाच्या दारात कोहळा. भवानीनं आपल्या शिवणयंत्राला झेंडू वाहिला आणि मग गल्लीतल्या साऱ्या बायका घेऊन गाडीकडे निघाली. गाडीला माळा, ओढायच्या दांड्याला चंदन, चाकांखाली लिंबं. चारुलताबाई जरीचं नेसून आल्या. मानाजीही आला, हातात नारळ, काखेत छत्री. "उद्या-परवा माझीच होणार ती," तो म्हणाला, "आजपासूनच पूजा सुरू करतो."

"नारळ ठेवा आणि करवंटी घेऊन जा," भवानी म्हणाली.

आरती झाली, चुरमुरे-हरभऱ्यांचा प्रसाद वाटणं चालू होतं, आणि आभाळ फुटलं. सगळे पळाले. मावतील तेवढे गाडीत शिरले, उरलेले दाराशी दाटले. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी कनकापाटी, म्हणजे कनकाआजी, आत पुढेच बसलेली होती. ती अचानक किंचाळली.

"अम्मन! अम्मन वंदुट्टा!" देवी आली!

भिंतीवर रक्त वाहत होतं. पिवळ्या भिंतीवरून लालभडक धार सरसर खाली येत होती, खिडकीच्या कोपऱ्याशी थबकत होती, चौकटीवरून फिरून खाली टपकत होती. मग कनकापाटी घुमायला लागली. बायकांनी गालांवर थापटून घेतलं. व्यासराजानं चपला काढल्या. चारुलताबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि पुटपुटल्या, "भवानीबाई, आज तुमच्याच नावाची देवी हो!"

भवानीच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला? तिचेही हात आपोआप जुळले. आणि जुळल्या हातांनी तिच्या मनात पहिला विचार आला तो चलाख होता: आता कोण विकतो गाडी बघू! देवीची गाडी विकायची कुणाची छाती आहे? सभा भरू दे, ठराव करू दे. ओटेरीची गाडी ओटेरीतच राहणार. भवानीचं नाव राहणार.

तोंड उघडायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं.

"येथे कापूर लावा," मानाजीनं ताबा घेतला. धंदेवाईक माणूस, त्याचा चेहरा उजळला होता. "समई येथे. दर्शनाची रांग त्या अंगानं. आणि बाजूस भक्तांना कॉफी. तंगच्ची, गाडी देवीची राहू दे, कॉफी माझी राहू दे. राणोजी, तो काटा काढ मधून, देवीस जागा कर."

राणोजीनं वजनाचा काटा उचलला. बाळांना निजवायचं त्याचं तबक, भवानीनंच त्यात मऊ गादी शिवून घातली होती. तो काटा त्यानं दारातून बाहेर पावसात नेऊन ठेवला. गादी भिजायला लागली. दाराशी एक बाई तापलेलं पोर खांद्यावर घेऊन उभी होती. तिला कुणीतरी म्हणालं, "सर मागं, देवळात पोराची शी-शू नको."

आणि भवानीचं टाळकं सटकलं.

"देऊळ?" ती गरजली. "कोणी केलं देऊळ? काटा आत आण राणोजी! आत आण म्हणते ना!"

"अक्का, देवी..."

"देवीस बाळांची शी-शू चालते. तुला चालत नसेल तर तू बाहेर हो!" ती गर्दी सारत भिंतीपाशी गेली. रागात माणसाला कधीकधी लख्ख दिसतं. तिनं लाल धारेला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि खोडीप्रमाणे जिभेवर ठेवलं. जीभ चुरचुरली. चुना!

ती गर्रकन वळली. मघाच्या आरतीचं ताट तिथंच होतं. त्यातल्या वाटीत लाल पाणी होतं. "हे कशाचं आहे? बोला! हे पाणी कशाचं केलं?"

"आरतीचं आहे," कुणीतरी घाबरत म्हणालं.

"कशाचं केलं ते विचारते. कनकापाटी, घुमणं पुरे, तुम्हीच कालवलंत सकाळी. कशाचं?"

कनकापाटीनं घुमता घुमता एक डोळा उघडला. "हळद," ती म्हणाली. मग दुसरा डोळा उघडला. "हळद आणि चुना."

नव्या नवरीला ओवाळा, बाळंतिणीला ओवाळा, दृष्ट काढा, मद्रासच्या घराघरात हेच पाणी. हळदीत चिमूटभर चुना पडला की ती लाल होते, हे तिथं शेंबड्या पोरीलाही ठाऊक. भवानीनं भिंतीवरची हळद तळहातावर घेतली, कनकापाटीच्या पानदानातला चुना तीत चोळला, आणि लाल झालेला तळवा सगळ्यांच्या नाकापुढून फिरवला.

"आत हळद मी लावली, मुंग्यांसाठी. टपावर चुना ह्या शहाण्यानं मारला. पाऊस चुन्यावरून आला आणि हळदीवरून उतरला. ही देवी नव्हे! ही माझी गळती आहे!"

कुणीतरी खुदकन हसलं. मग जी हसण्याची लाट आली ती गाडी हलवून गेली. कनकापाटी तर म्हणाली, "तरीच मला नीट घुमता येईना!"

भवानी मात्र हसत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पसरला की चारुलताबाईंनी तिचा दंड धरला. "काय झालं?"

"बाई, धार बघा. कोठून निघते?"

धार खिडकीतून निघत नव्हती. खिडकीच्या कितीतरी वर, जिथं टप आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यातून निघून ती खिडकीशी आली होती. इतके दिवस भिंतीच्या अंगालगत चोरपावलांनी येणारं बिनरंगी पाणी दिसायचं तेवढं खिडकीपाशी. चोर वर, आणि सगळे मिळून खालच्या खिडकीला बडवत होते. काच बदलली, पट्ट्या लावल्या, गिलावा थापला. बिचारी कण्णाडी!

"कण्णाडी सार," भवानी व्यासराजाला म्हणाली, "तुमची माफी मागितली. आणि तिचीही." हे वाक्य ओटेरीत त्यापूर्वी कुणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पाऊस ओसरताच तिनं पदर खोचला, जीपच्या टपावरून गाडीच्या टपावर चढली आणि पालथी पडून कडेची पत्र्याची पट्टी तपासली. पट्टीचे स्क्रू गंजून सैल झालेले, खाली जुन्या लांबीचा भुगा, आणि त्यावर कुणाकुणा शहाण्यांनी बाहेरून थापलेल्या लांबीचे थरावर थर.

"ठिगळावर ठिगळ," ती वरून ओरडली. "शिवण उसवली आहे आणि हे वरून ठिगळं लावतात! राणोजी, पेचकस आण. सारं उसवायचं."

"सारं?" खालून चारुलताबाई घाबरल्या. "भवानीबाई, सभा तोंडावर आली आहे. आणखी मोडलं तर?"

"बाई, जुनी शिवण ठेवोन वर नवी घालणारास आम्ही शिंपी म्हणत नाही."

पट्टी निघाली, मग खिडकीही चौकटीसकट निघाली. गाडीला भगदाड पडलं. मानाजी येऊन बघून गेला आणि म्हणाला की आता कॉफी द्यायला खिडकी चांगली मोठी झाली. भवानीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिनं जाड कॅनव्हास घेतलं आणि त्याच्या उरेब पट्ट्या कापल्या, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या पाडते. उरेब पट्टी ताणते, वळते, गळ्याला गोट बसतो तशी बसते. गच्ची बसून राहते, गाडी नाचते. मग नाचेल असंच काही हवं, हा राणोजीचा मुद्दा. तो तिनं आता स्वतःचा म्हणून सांगितला, आणि राणोजी गालातल्या गालात हसला. पट्ट्या जवसाच्या तेलात आणि राळेत बुडवल्या, पत्र्याखाली आणि चौकटीमागं घातल्या, त्यावर नवी लांबी, आणि मग स्क्रू आवळले, थोडा इकडचा, थोडा तिकडचा, कापड एका अंगाला ओढलं जाऊ नये म्हणून.

व्यासराज खालच्या फटीवर पुन्हा चिकटपट्टी घेऊन आला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. "खाली मोकळं ठेवा, सार. चुकोन एखादा थेंब आला तर त्यास जाण्यास वाट नको काय? पाहुण्यास आत कोंडलं तर तो घरात घाण करणारच."

सभेच्या दिवशी मोठा पाऊस लागला. असला पाऊस की नाला गल्लीत आला आणि गल्ली नाल्यात गेली. मंडळाच्या बायका छत्र्या उलट्या होत होत ओटेरीला पोचल्या. सभा गाडीतच भरवायची, हा भवानीचा हट्ट होता. मानाजीही आला, छत्री उघडी ठेवूनच आत शिरला आणि खिडकीखाली ठिय्या देऊन बसला. वर बघत राहिला. बाहेर पत्र्यावर ढोल वाजत होते. आत भिंत कोरडी, चौकट कोरडी, पडदे कोरडे. चारुलताबाईंनी भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि तो सुकाच निघाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतच पाणी आलं. "गाडीत आता एवढंच गळतंय हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"छत्री मिटा मानाजीअण्णा," भवानी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला अण्णा म्हटलं. जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं. "अवदसा येते घरात छत्री उघडली की."

मानाजीनं उसासा टाकून छत्री मिटली. त्याच्या हातांना काही काम नाही म्हणून शेजारच्या बाईनं तिचं पोर त्याच्या मांडीवर दिलं आणि ती वजनासाठी गादी झटकायला उठली. पोर त्याच्या अंगठ्यांशी खेळलं, त्याच्याकडे बघून गोड हसलं.

आणि मानाजी एकदम ओरडला, "गळतं! अय्यो, गळतं! माझ्या धोतरावर गळतं!"

सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. भवानीसुद्धा! मग खाली पाहिलं. पोर हात-पाय झाडत समाधानानं हसत होतं.

"कोठून येतं ते नीट बघा, अण्णा," भवानी म्हणाली, "धार वरून आहे की खालून?"

सभेचा ठराव असा हशातच पास झाला. गाडी ओटेरीत राहिली. भवानीनं आपलं नाव राखलं. मानाजीनं धोतर पिळलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून गाडी यायची त्या दिवशी रांगेतल्या आयांना फुकट कॉफी पाठवायला लागला. त्या पोराला तो जावयासारखा मान द्यायचा, आणि त्याला मांडीवर घेण्याआधी न चुकता टॉवेल पसरायचा.

तर बाई हो, बाप्ये हो, तुमच्या घरी चिमूटभर हळद तर असेलच. पुढच्या वेळी कुठं पाणी टपकलं तर बादलीकडे धावू नका आणि बिचाऱ्या काचेला शिव्या देऊ नका. आतून हळद लावा, वरून चुन्याचं पाणी ओता, आणि लाल धार कुठून निघते ते डोळे उघडे ठेवून बघा. बघून झाल्यावर वर चढा. हात काय, मागाहूनही जोडता येतील.